उन्हाळी सुट्टीत मुलांकडून खरं क्षेत्रसंशोधन करून घ्यायचं आहे, आखणी कशी करू?

प्रश्न थोडक्यात असा: भांडुपच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांना आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मे महिन्यात तीन आठवड्यांचा परिसंस्था-अभ्यासाचा उपक्रम सुरू करायचा आहे. हाताशी पैसे जेमतेम आहेत. त्यांच्या आराखड्यात राष्ट्रीय उद्यान, आरे, ठाणे खाडी, गिरगावचा किनारा, पवई तलाव, माहीमचं निसर्ग उद्यान आणि शेवटच्या दिवशी वृक्षारोपण असं सगळं आहे. यातून मुलांना संशोधन म्हणजे काय ते कळेल का, आणि संवर्धनाचं काही खरं काम होईल का, असं ते विचारतात.

सर, सहा जागांपैकी पाच आराखड्यातून काढून टाका. एवढं केलंत तर बाकीच्या बऱ्याच अडचणी आपोआप सुटतील. मी बरीच वर्षं खाडीकाठी आणि डोंगरात शाळकरी मुलांबरोबर काम करते आहे, आणि मला विचारणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सगळ्यात आधी हेच सांगते. सहा ठिकाणी एकेकदा गेलेली मुलं खूप काही बघून येतात, घरी जाऊन भरभरून सांगतात, तेही चांगलंच आहे. पण संशोधनातला प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सुचतो, कारण तेव्हा मागच्या वेळेपेक्षा काहीतरी वेगळं दिसतं. पहिल्या दिवशी फ्लेमिंगो दिसले की मुलं फोटो काढतात. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच बांधावर उभं राहून एकही दिसत नाही, आणि कोणीतरी विचारतं, गेले कुठे? मग एखाद्याच्या लक्षात येतं की आज चिखल दिसतच नाहीये, पाणी चढलेलं आहे. भरतीच्या वेळी यातले बरेच पक्षी पलीकडे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांकडे जाऊन बसतात आणि ओहोटीला पुन्हा चिखलावर चरायला येतात. हे तुम्ही फळ्यावर सांगितलंत तर एक वाक्य होतं. मुलांनी स्वतः शोधलं तर पुढचे चार प्रश्न तीच विचारतात.

जागा निवडायला तुम्हाला लांब जायची गरजही नाही. मुंबईत फार थोड्या शाळांना भांडुपसारखी जागा मिळाली आहे. एका बाजूला डोंगर आणि त्याला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरं, कांदळवन आणि ठाणे खाडी. मी खाडी घेईन. उद्यानाचा मोह होणार हे मला कळतं. 104 चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या पोटात आहे, त्यात बिबटे आहेत, मुलांना तेच हवं असतं. पण बिबट्या मोजायला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लागतात, वाट सोडून आत शिरता येत नाही, आणि मे महिन्यात तिथलं पानगळीचं जंगल वाळून गेलेलं असतं. नवशिक्या मुलांना तीन आठवड्यांत मोजण्याजोगा बदल तिथे सहज सापडत नाही. खाडीत तो दोन तासांत डोळ्यांसमोर घडतो. शिवाय ही काही साधीसुधी खाडी नाही. 2015 मध्ये तिचा सुमारे 1690 हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. मुलं तिच्या जवळच राहतात आणि तिचा वास सोडून त्यांना तिच्याबद्दल काही माहीत नसतं.

आता प्रश्न कसा निवडायचा, यावर जरा थांबते, कारण इथेच सगळं ठरतं. तुमच्या पत्रात ‘खाडीचे प्रदूषण’, ‘कांदळवनाचे महत्त्व’ असे विषय लिहिले आहेत. हे निबंधाचे विषय झाले. संशोधनाच्या प्रश्नाचं उत्तर मोजून देता आलं पाहिजे, तुमच्याकडच्या साधनांनी देता आलं पाहिजे, आणि ते ‘नाही’ असंही येऊ शकलं पाहिजे. उदाहरणार्थ: जिथे चिखलावर प्लास्टिक जास्त साचलं आहे, तिथे खेकड्यांची बिळं कमी असतात का? हा प्रश्न दहावीच्या मुलांना पेलतो. त्यात जीवशास्त्र भरपूर आहे. खेकडे चिखल उकरतात म्हणून त्यात हवा आणि पाणी खेळतं. कांदळवनातल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणूनच तिवराची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी जमिनीतून वर येतात. त्यांच्यावर पिशव्या आणि जुनी जाळी गुंडाळली गेली की झाडाचा श्वास कोंडतो. म्हणजे प्लास्टिक, बिळं आणि मुळं या तिन्हींचा एकमेकांशी संबंध असावा असं मानायला जागा आहे, पण तुमच्या त्या काठावर तो कसा आहे हे मोजल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक नाही हे कळलं की मुलांचं वागणं बदलतं, मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पद्धत साधी ठेवा. पीव्हीसी पाइप कापून अर्धा मीटर बाजूची चौकट करा, प्रत्येक गटाला एक. बांधापासून पाण्याच्या दिशेने सुतळीने सरळ रेषा आखा, अशा तीन-चार रेषा एकमेकींपासून लांब लांब. प्रत्येक रेषेवर ठरावीक अंतरावर थांबायचं, आणि रेषेपासून डावीकडे-उजवीकडे किती पावलांवर चौकट टाकायची ते चिठ्ठी काढून ठरवायचं. चिठ्ठीचा आग्रह सोडू नका. मुलांवर सोपवलं तर ती चौकट नकळत जिथे खेकडे दिसतात तिथेच टाकतात, मोठी माणसंसुद्धा तेच करतात. एकाच कचऱ्याच्या ढिगाभोवती शेजारी शेजारी दहा चौकटी टाकल्या तर त्या दहा नोंदी होत नाहीत, एकाच जागेची दहा वेळा केलेली नोंद होते. हे समजावायला वेळ लागतो. लागू द्या.

चौकटीत काय मोजायचं: बिळं, श्वसनमुळं, तिवराची रोपं, प्लास्टिकचे तुकडे. प्रत्येकाचा नियम आधी लिहून काढायचा. पेन्सिलीच्या जाडीपेक्षा लहान भोक बीळ धरायचं की नाही? चौकटीच्या रेषेवर असलेलं मूळ आत की बाहेर? नखापेक्षा लहान तुकडा मोजायचा का? नियम कोणता केलात याला फारसं महत्त्व नाही, तो सगळ्यांनी शेवटपर्यंत पाळला याला आहे. म्हणून पहिले दोन दिवस खऱ्या नोंदी घेऊच नका. एकच चौकट दोन मुलांना वेगवेगळी मोजायला द्या, एकमेकांचे आकडे न दाखवता. एकाची बिळं 14 येतील आणि दुसऱ्याची 22. मग भांडण होईल, ते होऊ द्या, त्यातूनच नियम पक्का होतो. पुन्हा मोजा. दोघांचे आकडे जवळ यायला लागले की समजा आता नोंदी घ्यायला हरकत नाही. नोंदीच्या कागदावर मोजणाऱ्याचं नाव असायलाच हवं. ते दोष देण्यासाठी नव्हे, तर पुढे कुठे गडबड दिसली तर ती खाडीतली आहे की मोजण्यातली हे तपासता यावं म्हणून.

एकदा एका मुलीने चौकटीवरून मान वर करून विचारलं, “मॅडम, आपण खेकडे मोजतोय की बिळं?” प्रश्न अगदी बरोबर होता. एका खेकड्याची दोन बिळं असू शकतात, काही बिळं रिकामी असतात, काही तर खेकड्यांची नसतातच, निवटी या माशाची असतात. हा प्रश्न तुमच्याकडेही कोणीतरी विचारेल. तेव्हा उत्तर देऊ नका. चौकट लावून दोन मीटर मागे सरकून दहा मिनिटं अजिबात न हलता बसायला सांगा. एक नांगी मोठी असलेले फिडलर खेकडे हळूहळू बाहेर येतात, ते मोजा, मग बिळं मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. अशा काही चौकटी झाल्या की बिळांवरून खेकड्यांचा अंदाज बांधणं तुमच्या जागेवर कितपत चालतं ते कळतं. आणि मोबाइल हातात असताना जी मुलं दोन मिनिटं स्थिर बसत नाहीत, ती दहा मिनिटं चिखलासमोर बसतात.

शून्याबद्दल एक गोष्ट, कारण सगळ्यात जास्त नोंदी तिथे वाया जातात. चौकटीत काहीच सापडलं नाही की मुलं ती ओळ कोरी सोडतात किंवा सरळ दुसरी चौकट टाकतात. कोऱ्या ओळीवरून नंतर कळत नाही की तिथे काही नव्हतं की मोजलंच नाही. ‘0’ लिहायचा, ठळक लिहायचा. नोंदी पेन्सिलने करायच्या, घामाने आणि चिखलाच्या पाण्याने शाई पसरते. त्याच दुपारी शाळेत बसून त्या वहीत उतरवायच्या आणि मूळ कागदांचे फोटो काढून ठेवायचे. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर ‘इथे 7 आहे की 1’ यावर कोणाचंच एकमत होत नाही.

वेळापत्रक घड्याळावर बांधू नका, तिथीवर बांधा. तुमच्या पत्रातलं ‘रोज सकाळी 7 ते 10’ खाडीत चालणार नाही, निम्मे दिवस समोर नुसतं पाणी असेल. कोळ्यांचा जुना हिशेब मुलांना शिकवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता, पहाटे आणि दुपारी. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण असल्याने पाणी सर्वात जास्त मागे जातं. तृतीयेला ओहोटी सव्वाआठच्या आसपास. म्हणजे उन्हं चढायच्या आत काम उरकायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचे चार दिवस तुमचे. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी ना धड चढत ना धड उतरत, ते दिवस वर्गातल्या कामाला ठेवा. पंधरवड्याला एक अशी खिडकी मिळते, त्यामुळे तीन आठवड्यांचा उपक्रम अशा तारखांना सुरू करा की त्यात दोन खिडक्या बसतील. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे आणि खाडीच्या आतल्या भागात पाणी किनाऱ्यापेक्षा थोडं उशिरा वळतं. म्हणून प्रत्यक्ष जाताना छापील भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच. पण मुलांनी हिशेब करावा, तक्ता बघावा आणि बांधावर खुणेचा बांबू रोवून तिसऱ्यांदा स्वतः पडताळावं. किती मिनिटांचा फरक पडतो हाच एका गटाचा प्रकल्प होऊ शकतो, आणि तो मला खेकड्यांइतकाच आवडतो.

हा हिशेब शिकवायला एखाद्या कोळीदादांना किंवा मावशींना बोलवा. भांडुप गावात, पलीकडे ऐरोली-दिव्यात अजून खाडीवर जाणारी माणसं आहेत. चिंबोरी कुठल्या बिळात आहे हे बिळाच्या तोंडावरून सांगणारा माणूस मुलांनी एकदा तरी बघावा. कालवं, खुबे, बोय, कोळंबी यांतलं काय पूर्वी मिळायचं आणि आता मिळत नाही, हे तारीख-वार सांगता येत नसलं तरी त्यांना ते नेमकं ठाऊक असतं. मुलांनी ते मुलाखतीसारखं लिहून घ्यावं, सांगणाऱ्याचं वय आणि खाडीवर जायला लागल्याचा काळ यांसकट. आणि त्यांना तुम्ही ज्याप्रमाणे बाहेरच्या व्याख्यात्याला मानधन देता तसं द्या. चहा-नारळावर भागवू नका. त्यांचा दिवसाचा धंदा बुडतो.

मे महिन्याबद्दल तुम्हाला शंका आहे, उकाड्यात काय दिसणार अशी. बरंच दिसतं. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि पाऊस जवळ आला की निघतात, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात थवे असतात आणि महिनाअखेर ते ओसरत जाताना मोजता येतात. रस्त्याकडेला बहावा आणि ताम्हण फुललेले असतात. कोकीळ आणि पावश्या दिवसभर ओरडत असतात, डोंगराच्या बाजूला मेअखेर नवरंगाची शीळ ऐकू यायला लागते. पावसाच्या तारखेवर मात्र विसंबू नका. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, पण 2025 मध्ये तो 26 मे रोजीच येऊन थडकला. उपक्रम मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा म्हणजे मुख्य नोंदी कोरड्या दिवसांत पूर्ण होतील, आणि पाऊस लवकर आलाच तर त्याच रेषांवर पावसानंतरच्या नोंदी घ्या. तो तोटा समजू नका.

सुरक्षेचं थोडक्यात, पण यात सूट नाही. चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस, आणि सोळापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. घोट्याच्या वर पाय रुतेल तिथे रेषा संपली. नाडीचे जुने बूट घाला, चप्पल चिखलात राहते आणि काचेने पाय कापतो. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, ओआरएस. खाडीवर साडेनऊनंतर उन्हात कोणी नको. डोकं दुखतंय, मळमळतंय असं एकाही मुलाने म्हटलं की सगळे सावलीत. पाणी चढायला लागलं की नोंद अर्धी राहिली तरी बाहेर. घोणस, नाग, मण्यार इथे आहेत, म्हणून दगड, पत्रे, कचऱ्याचे ढीग हाताने उचलायचे नाहीत, आणि सर्पदंशावरचं औषध जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे ते आधी जाऊन विचारून यायचं. पहिला पाऊस पडल्यावर साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका मुंबईत दरवर्षी असतो. पालकांची लेखी संमती, मुलांच्या दम्याची-ॲलर्जीची नोंद, हे तुम्ही करालच.

परवानगी सगळ्यात आधी. कांदळवन संरक्षित आहे, खाडीचा तो भाग अभयारण्य आहे, आणि शाळेचं ओळखपत्र दाखवून आत शिरता येत नाही. वनविभागाच्या कांदळवन कक्षाला जानेवारी उजाडायच्या आत पत्र द्या. पत्रात प्रश्न काय, नेमकी जागा कोणती, किती मुलं, किती दिवस, कशाला हात लावणार आणि कशाला नाही, हे स्वच्छ लिहा. ‘आम्ही काहीही गोळा करणार नाही, फक्त मोजणार आणि फोटो काढणार’ हे वाक्य पत्रात असू द्या आणि मग ते पाळा. शंख, पीस, मेलेला खेकडा, काहीही घरी नेऊ द्यायचं नाही. परवानगी वेळेत आली नाही तर उपक्रम रद्द करू नका. शाळेच्या आवारात कागदाच्या चकत्यांवर एकीकडे गुळाचं पाणी आणि दुसरीकडे सुक्या मासळीचा चुरा ठेवून अर्ध्या तासात किती प्रकारच्या मुंग्या येतात ते मोजा, सावलीत आणि उन्हात. किंवा झाडं असलेल्या आणि नसलेल्या गल्लीत दुपारी दोन वाजता एक मीटर उंचीवर तापमान घ्या, एक थर्मामीटर कोरडा आणि एकाच्या फुग्याला ओली चिंधी बांधून, म्हणजे दमटपणाही कळेल. या दोन्ही अभ्यासांना कोणाची परवानगी लागत नाही आणि संशोधन म्हणून ते खाडीपेक्षा तसूभरही कमी नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, संवर्धनाचा. वृक्षारोपण काढून टाका, असं मी मनापासून सांगते. मे महिन्यात लावलेलं रोप पाण्याशिवाय जगत नाही, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: खाडीतला उघडा चिखल ‘रिकामा’ वाटतो म्हणून तिथे कांदळवनाची रोपं लावायचा उत्साह बऱ्याच जणांना असतो. पण तोच चिखल फ्लेमिंगोंचं आणि हजारो किनारी पाणपक्ष्यांचं ताट आहे. झाड लावणं नेहमीच चांगलं, हा समज मुलांच्या मनात आपणच घट्ट केला आहे, आणि तो आपणच सैल करायला हवा.

मोजल्याशिवाय केलेलं संवर्धन उलटू शकतं, याचं आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण मी प्रत्येक गटाला सांगते. जुन्नर भागात माणसांवर बिबट्यांचे वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. 2001 नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर झाली, आणि पुढच्या काळात हे हल्ले वर्षाला सरासरी सतरावर गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासून हे दाखवून दिलं. पकडून लांब सोडणं हा सगळ्यांना सरळ, सुरक्षित उपाय वाटत होता. त्यांनीच पुढे 2011 पासून वनविभागाबरोबर बोरिवलीच्या उद्यानाभोवती काम केलं, ज्यात पिंजऱ्यांपेक्षा लोकांशी बोलण्यावर, कचरा आणि भटकी कुत्री यांवर भर होता. हे ऐकल्यावर मुलांना नोंदवहीतल्या आकड्याचं वजन कळतं.

मग तुमच्या मुलांनी करायचं काय? त्यांच्याकडे तीन आठवड्यांनी एक अशी गोष्ट असेल जी वॉर्ड ऑफिसकडे नसते: काठाच्या कुठल्या पट्ट्यात, कुठल्या प्रकारचं, किती प्लास्टिक साचतं. तुकडे मोजताना प्रकारही लिहा: दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे, निर्माल्याच्या पिशव्या. यातलं काही भरतीबरोबर लांबून येतं, काही जवळच्या नाल्यातून. नाल्याच्या तोंडाजवळच्या आणि लांबच्या चौकटींची तुलना केली तर कुठलं कुठून येतं याचा अंदाज बांधता येतो. आकडे आणि नकाशा घेऊन महापालिकेच्या एस विभागाच्या कार्यालयात जा आणि एकच नेमकी मागणी करा, समजा अमुक नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवा आणि ती पावसाआधी साफ करा. ‘खाडी वाचवा’ असं लिहिलेल्या फलकावर कुठलाही अधिकारी सही करतो. नेमकी मागणी असेल तर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नाही म्हणाला तरी मुलांना कारण विचारायला शिकवा, आणि ते लिहून घ्या. सफाईही करा, मुळांवर अडकलेली जाळी कात्रीने सोडवून काढणं हे पुण्याचं काम आहे, पण सोबत मोठी माणसं घेऊन, आणि मोजून झाल्यावरच. काही चौकटी साफ करा आणि काही तशाच ठेवा. दोन्हीत पुढे बिळांचं काय होतं हे बघणं म्हणजे पुढच्या हंगामाचा प्रयोग तयार झाला.

विश्लेषणात घाबरू नका आणि मुलांना मोठमोठ्या निर्देशांकांनी घाबरवू नका. आधी आलेख कागदावर हाताने ठिपके काढायचे, आडव्या अक्षावर प्लास्टिक, उभ्या अक्षावर बिळं, प्रत्येक चौकटीचा एक ठिपका. ठिपक्यांकडे बघून बोलायचं. मग सरासरी, मग लहानात लहान आणि मोठ्यात मोठी किंमत. संगणक नंतर. संबंध दिसला नाही तर? तर ‘आमच्या काठावर, या दिवसांत, संबंध दिसला नाही’ असं लिहायचं. ते पूर्ण, प्रामाणिक उत्तर आहे. आकड्यांना ओढूनताणून हवं ते म्हणायला लावण्याचा मोह प्रदर्शनाच्या आदल्या रात्री होतो, तेव्हा तुम्ही तिथे असा.

काही पालक विचारतील की यातून ‘पेपर’ निघेल का, प्रमाणपत्र मिळेल का. पैसे घेऊन शाळकरी मुलांचे शोधनिबंध छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. मुलांना खरा श्रोता हवा असेल तर राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे, ती दहा ते सतरा वर्षांच्या मुलांकडून असेच स्थानिक प्रश्नांवरचे प्रकल्प मागते आणि मराठीत मांडता येतात. नववीची मुलं होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत असतील तर तिथल्या कृतिसंशोधनालाही हा अनुभव उपयोगी पडतो. झाडांच्या नोंदी घेतल्यात तर त्या सीझनवॉचला द्या, पक्ष्यांच्या ईबर्डला, फोटो आयनॅचरलिस्टला. लोकांकडून निसर्गाच्या नोंदी जमवणारी ही संकेतस्थळं आहेत, तिथे त्या साठून राहतात आणि पुढे कोणाला तरी वापरता येतात. महागड्या निवासी शिबिरांच्या जाहिराती बघून आपलं कमी पडतं असं मुळीच वाटून घेऊ नका. तिथे जंगल भारी असेल, दुर्बिणी भारी असतील, पण आठवड्याने मुलं परत येतात आणि ती जागा मागे राहते. तुमची मुलं जूनमध्येही, ऑगस्टमध्येही खाडीवर जाऊ शकतात.

आणि जायलाच हवं. मेच्या नोंदी एकट्याने फार काही सांगत नाहीत. शाळा उघडल्यावर, पावसाने खाडीचं पाणी गोडसर झाल्यावर, त्याच रेषांवर उधाणाचे दोन दिवस. मग दिवाळीनंतर दोन दिवस. आणि पुन्हा मे. प्रत्येक रेषेच्या बांधाकडच्या टोकाला खूण करा आणि मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश वहीत लिहून ठेवा. दहावीची मुलं निघून जातील, म्हणून चौकट कशी लावायची आणि बीळ कशाला म्हणायचं हे जाण्याआधी त्यांनीच आठवीच्या मुलांना शिकवावं, तुम्ही फक्त बघावं. नियमांची वही शाळेच्या कपाटात राहू द्या, तुमच्या घरी नको. तुमची बदली झाली तरी काम चालू राहिलं पाहिजे.

कांदळवन कक्षाला द्यायच्या पत्राचा कच्चा मसुदा आणि मुलांसाठीचा नोंदीचा कागद तुम्ही तयार करा आणि मला पाठवा. आधी तुमच्या हातचा हवा, कारण तो काठ तुम्ही बघितला आहे. मी वाचून दुरुस्त्या सुचवते, आणि पहिल्या उधाणाच्या दिवशी चौकटी लावायला येते.